अधिकार कोणाचा?

उज्जैनच्या सिंधिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९५१ साली एक संस्कृत ग्रंथ छापला. नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, संपादक सदाशिव कात्रे. ग्रंथ हिंदू धर्माच्या बचावाचा आणि ख्रिस्ती मताच्या खंडनाचा. कर्ता काशीचा नीळकंठशास्त्री गोरे. १८४४-४५ साली ग्रंथ लिहिला तेव्हा तो विशीचा होता. पुढे चार वर्षंही गेली नाहीत तोच, १४ मार्च १८४८ला, जौनपूरमध्ये या शास्त्र्याने बाप्तिस्मा घेतला. मग सत्तेचाळीस वर्षं तो नेहेम्या गोरे म्हणून जगला, पाद्री झाला आणि १८९५मध्ये मुंबईत वारला. ज्या मताचं त्याने खंडन केलं त्याच मताचा तो झाला, आणि ते खंडन शतक उलटल्यावर उज्जैनने जपून छापलं.

ग्रंथ उज्जैनमध्ये छापला जावा यात नवल काही नाही. महाकालेश्वराचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात उभं केलं. तेव्हापासून मराठी शास्त्री, भिक्षुक, कारकून, मास्तर या गावात रुजले. जयसिंगाची वेधशाळा मोडकळीला आली होती, ती १९२३मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. त्यामागे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिषाचा पाठपुरावा होता. जुन्या पोथ्या गोळा करायच्या, त्यांतलं मत कोणाच्या बाजूचं हे न बघता त्या छापायच्या, ही सवयही त्याच मंडळींची. पण गोऱ्यांचा ग्रंथ मला या सवयीहून मोठ्या गोष्टीची खूण वाटतो. मराठी माणसांनी एकोणिसाव्या शतकात देवाविषयी जो वाद घातला, त्याचा मधला दुवा या ग्रंथात आहे. वादाचं एक टोक माळव्यात, दुसरं इंग्लंडमधल्या वाँटेज नावाच्या लहानशा गावात. वरवर तो हिंदू आणि ख्रिस्ती असा वाद होता. आत मात्र एकच प्रश्न सरकत होता: देवाविषयी ठरवायचा अधिकार कोणाचा?

माळव्याचं टोक म्हणजे सीहोर. उज्जैनहून देवास, आष्टा करत भोपाळकडे निघालं की वाटेत लागतं. भोपाळचा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन तिथे राहत असे. १८३०च्या दशकात त्याने तिथल्या संस्कृत पाठशाळेत एक वेगळा प्रयोग चालवला. कोपर्निकसचं खगोल थेट इंग्रजीतून न शिकवता आधी भास्कराचार्य शिकवायचे. पृथ्वी गोल आहे, अधांतरी आहे, आणि शून्य रेखांश लंकेवरून उज्जैन, कुरुक्षेत्र असा मेरूपर्यंत जातो, हे सिद्धान्तग्रंथ सांगतातच. पुराणांतली सपाट, सात समुद्रांची पृथ्वी याच देशातल्या ज्योतिषांनी केव्हाच बाजूला ठेवलेली होती. तर मग तिथून सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीपर्यंत एकच पायरी उरते. विल्किन्सनची ही युक्ती चांगलीच लागू पडली. आष्ट्याच्या ओंकार भट्टांनी हिंदीत ‘भूगोलसार’ लिहिला, आणि सुबाजी बापू या ज्योतिषाने १८३६ साली मराठीत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’.

सुबाजी बापू आज कोणाच्या लक्षात नाही, आणि ही आपल्या वैचारिक इतिहासातली मोठी उणीव आहे असं मी म्हणेन. पृथ्वी फिरते हे पटल्यावर त्याचा धर्म कोसळला नाही. पुराणांचा भूगोल आणि सिद्धान्तांचा भूगोल यांत मुळी विरोधच नाही असं सिद्ध करू पाहणाऱ्या शास्त्र्यांशी त्याने वाद घातला. विरोध आहे, आणि तो मान्य करूनही माणूस श्रद्धाळू राहू शकतो, हे त्याचं म्हणणं. देव एका बाजूला, नकाशा दुसऱ्या बाजूला. आज हे सोपं वाटतं. त्या काळी पुण्यातल्या विद्वानांनाही ते पचलं नव्हतं.

१८३९ साली जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने संस्कृत श्लोकांत ‘मतपरीक्षा’ लिहिली. खरा धर्म कोणता हे कसोट्या लावून ठरवावं, आणि त्या कसोट्यांवर ख्रिस्ती धर्मच टिकतो, असा तिचा रोख. तिला त्याच वर्षी सोमनाथ या नावाने संस्कृतातच उत्तर आलं. रिचर्ड फॉक्स यंग या अभ्यासकाने दाखवलं आहे की हा सोमनाथ म्हणजे बहुधा आपला सुबाजी बापूच. उत्तराचा सूर सौम्य आहे, जवळजवळ प्रेमळ. ज्याचा जसा अधिकार तशी त्याला वाट; वाटा ईश्वरानेच वेगळ्या आखल्या आहेत; तेव्हा ज्याने त्याने आपल्या वाटेने जावं आणि दुसऱ्याच्या वाटेला नावं ठेवू नयेत, कारण ती नावं आखणाऱ्यालाच लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, राज्यकर्त्या धर्माचा माणूस अंगावर आलेला असताना, इतकं शांत उत्तर द्यायला मोठा आत्मविश्वास लागतो.

हा अधिकारभेदाचा विचार पुढे आपल्याकडे फार लोकप्रिय झाला. सगळे धर्म खरे, ज्याला जो पेलेल तो त्याचा, हे वाक्य आज कोणत्याही प्रवचनात ऐकू येतं. पण सुबाजीचंच दुसरं पुस्तक त्याच्या शेजारी ठेवून वाचावं लागतं. त्याच १८३९ साली विल्किन्सनने ‘वज्रसूची’ छापली. जन्माने कोणी ब्राह्मण ठरत नाही असं मांडणारी ही जुनी बौद्ध रचना अश्वघोषाच्या नावावर आहे. तिच्याच जोडीला, त्याच पुस्तकात, सुबाजीचं उत्तर छापलं आहे: ‘लघुटंक’, जातिव्यवस्थेचा बचाव. म्यूरला ज्या तत्त्वाने शांत केलं तेच तत्त्व इथे शूद्राला त्याच्या जागी बसवायला कामी येतं. देवाने ज्याला जी वाट दिली ती त्याची. वाट बदलायचा अधिकार मात्र कोणाला दिलेला नाही. सहिष्णुता आणि कोंडवाडा एकाच चौथऱ्यावर उभे असू शकतात, हे सुबाजीइतकं स्पष्ट दुसऱ्या कोणाकडे दिसत नाही. म्हणून सोमनाथाचं एकट्याचं कौतुक करणारे लेख वाचले की मला अस्वस्थ वाटतं.

गोऱ्यांचा ग्रंथ याच वादातला, पण पाच वर्षांनंतरचा आणि पूर्ण वेगळ्या स्वभावाच्या माणसाचा. घराणं चित्पावन, बुंदेलखंडातून काशीला येऊन स्थिरावलेलं. नीळकंठ विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे त्याला निरुत्तर करायला म्हणून जाऊ लागला. सोमनाथाची सौम्यता त्याच्याजवळ नाही, धार आहे. तो विचारतो: पूर्वजन्म नाही असं तुम्ही म्हणता, मग एक मूल आंधळं आणि एक धडधाकट का जन्मतं? कर्म नसताना ईश्वराने दुःख वाटलं असेल तर तो पक्षपाती ठरतो आणि निर्दयही. पन्नास-साठ वर्षांच्या आयुष्यात केलेल्या पापाला न संपणारा नरक, हा कुठला न्याय? जनावरांनी कोणतं पाप केलं म्हणून ती यातना भोगतात? प्रश्न खरे होते, आजही आहेत. कर्मसिद्धान्ताच्या बाजूने त्या शतकात झालेली ही सर्वांत नेटकी मांडणी असावी, निदान मला तरी याहून नेटकी दिसलेली नाही.

पण ग्रंथाचा पाया तर्कावर नाही. तर्काने शास्त्राच्या मागून चालावं, पुढे जाऊ नये, असं गोरे त्यातच बजावतात. एवढं तिखट तर्कशास्त्र ज्याच्या हातात आहे तो माणूस त्याच हाताने तर्काला दावणीला बांधतो. मला वाटतं, त्यांचं पुढचं सगळं आयुष्य इथेच ठरलं. कारण १८४८मध्ये शास्त्र बदललं, दावण तीच राहिली. १८६०मध्ये हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी सहाही दर्शनांचं खंडन केलं, आणि १८६२मध्ये फिट्झएडवर्ड हॉलने ते इंग्रजीत नेलं. १८६८च्या सुमारास ब्राह्मसमाजाच्या लोकांना उद्देशून त्यांनी एक पत्र छापलं, काशीच्या धर्मांतरित ब्राह्मणाचं पत्र म्हणून. त्यातला मुद्दा असा की नुसत्या बुद्धीने माणूस प्रेमळ पित्यासारख्या देवापर्यंत पोचत नाही. तुम्ही ज्याला बुद्धीने सापडलेला देव म्हणता तो तुम्ही आमच्या ग्रंथातून उचलला आहे. त्याच सुमारास त्यांची आणखी एक पुस्तिका निघाली. तिचा विषय नित्य नरकाच्या सिद्धान्तावरच्या आक्षेपांना उत्तर. विशीत ज्या सिद्धान्तावर त्यांनी सर्वांत कडक प्रहार केला होता, त्याचीच राखण चाळिशी ओलांडल्यावर त्यांच्याकडे आली.

याला मतलबीपणा म्हणता येणार नाही. गोरे फार प्रामाणिक होते, आणि प्रामाणिकपणा त्यांना जाळत राहिला. १८५४मध्ये महाराजा दुलीपसिंगाचा शिक्षक म्हणून ते विलायतेला गेले. लंडनमध्ये जे दिसलं ते ख्रिस्ती जगणं असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, असं ते उद्वेगाने म्हणाल्याचं मॅक्सम्युलरने लिहून ठेवलं आहे. पुढे कावली फादर्स या ख्रिस्ती संन्याशांच्या मठात ते उमेदवार म्हणून दाखल झाले आणि शेवटपर्यंत उमेदवारच राहिले. अखेरची शपथ घेण्याइतकी खात्री मनाला कधी वाटली नाही. शंका गेल्या नाहीत. पण शंका घेणं हा आपला दोष आहे, अधिकार नाही, असंच ते मानत आले. या माणसाची मला नेहमी दया येते. दया हा शब्द त्यांना आवडला नसता, तरी.

गोऱ्यांनी ब्राह्मसमाजाला उद्देशून ते पत्र छापलं तिथे वादाचं माध्यमच बदलू लागलं होतं, आणि त्यावर घटकाभर थांबायला हवं. शास्त्रार्थात पंच असतात, श्रोते असतात, हार-जीत असते. श्लोकबद्ध ग्रंथालाही समोर सभा दिसत असते. पत्रात समोर एकच माणूस असतो. त्याला कालचं मत आज बदललं असं कळवता येतं, अर्धवट पटलेलं अर्धवटच सांगता येतं, उत्तर येईपर्यंत वाट बघता येते. सभेत ज्यांना उभंच राहू दिलं जात नव्हतं, त्यांनाही पत्र लिहिता येत होतं. गोऱ्यांनी याच माध्यमातून ज्या व्यक्तीला गाठलं तिने हा फायदा असा काही घेतला की त्यांचा स्वतःचा पायाच हलला.

पंडिता रमाबाईंच्या घरात अधिकाराचा प्रश्न त्यांच्या जन्माआधीपासून होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना उडुपीला पंडितांच्या सभेत जाब द्यावा लागला. शास्त्राधार दाखवून त्यांनी सभा जिंकली. पण त्यांनीही मुलीला पुराणं, काव्य, व्याकरण शिकवलं, वेद नाहीत. १८७८नंतर कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवली तेव्हा रमाबाई बिचकल्या, बाईला हे वाचायचा अधिकार नाही म्हणून. त्यांनी ते स्वतःच नोंदवलं आहे. त्याआधीच दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली होती, मग भाऊ गेला, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी. पुण्यात आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर शिक्षण कमिशनपुढे साक्ष. १८८३मध्ये लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सेंट मेरी मठात उतरल्या. २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. वाँटेजमध्ये रोज समोर असलेल्या सिस्टर्सपेक्षा दूर हिंदुस्थानातून पत्र लिहिणाऱ्या फादर गोऱ्यांच्या शब्दांनी आपल्याला वळवलं, असं त्या सांगत. मराठी ब्राह्मणाने मराठी ब्राह्मण स्त्रीला समजावलं, तेही पत्राने. मग पुण्यात गदारोळ उठणारच. महात्मा फुल्यांनी मात्र १८८५मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली.

पुण्याला वाटलं होतं की पक्षी एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात गेला. वाँटेजलाही तसंच वाटलं होतं. १८८४मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला गेल्या आणि पत्रं सुरू झाली. एका बाजूला सिस्टर जेराल्डाइन, ज्यांना रमाबाई धर्माची आई मानत. दुसऱ्या बाजूला प्राचार्या डोरोथिया बील. विषय कुठलाच वर्ज्य नाही. ख्रिस्त देव कसा? त्रैक्य मान्य केलं तर एकेश्वराचं काय करायचं? कुमारीच्या पोटी जन्म झाला यावर विश्वास नसेल तर मी ख्रिस्ती नाही का? अथनेशियसच्या मतांगीकारात, हे न मानणारे नाश पावतील असं म्हटलं आहे. ते मी तोंडाने कसं म्हणू? म्हणजे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’तला नरकाचा प्रश्न इथे पुन्हा आला. फरक एवढा की गोऱ्यांनी तो विरोधकाला विचारला आणि नंतर गिळला. रमाबाईंनी तो आत येऊन, आतल्यांना विचारला.

खरी ठिणगी पडली ती मात्र साध्या गोष्टींवरून. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा बेत निघाला. मुंबईचे बिशप माइल्न, लाहोरचे बिशप फ्रेंच यांचा विरोध. हिंदुस्थानात याने बदनामी होईल, रमाबाईंच्या कामाला धक्का बसेल. रमाबाईंचं उत्तर आठवावं तेव्हा ताजं वाटतं. मी माझ्या देशात पुरुषांच्या सभांतून बोलत आले. तिथल्यांना काय रुचतं ते बिशपांनी मला सांगायचं का? गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती, तर त्या म्हणाल्या संस्कृत का नाही, लॅटिनमध्ये असं काय जास्त आहे? अंडं घातलेलं पुडिंगही नाकारलं, आणि त्यावर गर्वाचा आरोप झाला. सिस्टर जेराल्डाइनचा आग्रह असे तो आज्ञापालनाचा: चर्चने ठरवलं ते शिष्याने स्वीकारावं. रमाबाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं: इतक्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली, ती दुसऱ्याच्या जोखडात घालण्यासाठी नाही, देवाचा शब्द आला तर मी तो मानीन, पण तो देवाचा आहे की माणसाचा हे ओळखायला त्यानेच मला विवेक दिला आहे.

सुबाजीकडे अधिकार देव वाटून देतो. गोऱ्यांकडे तो ग्रंथात असतो आणि माणसाने फक्त ग्रंथ निवडायचा असतो. रमाबाईंच्या पत्रांत तो पहिल्यांदा प्रश्न विचारणाऱ्याकडे येतो, आणि विचारणारी बाई आहे. बील बाईंनी हे बरंच ओळखलं होतं. त्या आज्ञा देत नाहीत, तर्काला तर्काने भिडतात, आपल्याही शंका मान्य करतात. त्यांच्यामुळेच हा पत्रव्यवहार भांडणावर संपला नाही. रमाबाई हळूहळू ख्रिस्ताच्या देवत्वाकडे आल्याही, पण स्वतःच्या चालीने. कुठल्याच एका पंथाच्या त्या झाल्या नाहीत.

या पत्रांचं जतन केलं ते सिस्टर जेराल्डाइन यांनी. ज्या पत्रांत त्यांचीच बाजू वारंवार उघडी पडते, ती त्यांनी जमवली, लावली, टिपणं जोडली. काही टिपणांत तक्रार अजून धुमसते. १९७७मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. पुस्तक इंग्रजीत आहे. मराठीतल्या सर्वांत धारदार धर्मचिंतकांपैकी एकीची ही पत्रं मराठी वाचकाच्या नित्याच्या वाचनात नाहीत, आणि आपण मात्र त्यांना समाजसुधारकांच्या यादीत बसवून मोकळे झालो आहोत. विधवांसाठी आश्रम काढला एवढं पाठ्यपुस्तकाला पुरतं. देवाविषयी बाईने स्वतंत्र विचार केला हे मान्य करायला अजून आपल्याला जड जातं, धार्मिकांना आणि सुधारकांनाही.

तरी पुढे केडगावला मुक्ती मिशन चालवणाऱ्या रमाबाई वाँटेजला पत्रं लिहिणाऱ्या रमाबाई राहिल्या का, हा प्रश्न टाळता येत नाही. १८९१च्या सुमारास त्यांना आतून वेगळा प्रत्यय आला. १९०५मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली रडत, पापं कबूल करत. शंकेला तिथे फारशी जागा दिसत नाही. बायबल हाच आता त्यांचा शेवटचा शब्द होता, आणि गोऱ्यांची आठवण इथे यावी हे मला खुपतं. मात्र एक काम त्यांनी गोऱ्यांच्या उलट केलं. मराठी बायबलचं भाषांतर शास्त्र्यांच्या संस्कृत शब्दांनी भरलेलं आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, म्हणून त्या पन्नाशीकडे झुकल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल नव्याने, साध्या मराठीत करायला बसल्या. ज्या संस्कृतासाठी क्रॉसवर भांडल्या तेच आता त्यांनी गाळून टाकायला घेतलं. भाषा कित्येक ठिकाणी अवघडलेली आहे आणि चर्चने ते भाषांतर फारसं वापरलंही नाही. पण खिळे जुळवण्यापासून छपाई-बांधणीपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांच्या हातचं होतं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या. पूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर पडलं.